मनुक्यांचा रस

जिनिंगच्या फाटकावर मी एकतीस वर्षं वजनकाटा सांभाळला. कापसाची गाडी काट्यावर चढली, की कोणत्या गाठोड्याला पाणी मारलंय ते आकडा बघायच्या आधीच माझ्या लक्षात यायचं. रिटायर झालो तसं सेलूच्या आमच्या मंडळीनं मला सेक्रेटरी केलं. मंडळी म्हणजे आमचं चर्च. लहानच आहे, अडतीस कुटुंबांचं. कापूस सुटला, माणसं हाती आली, पण डोळ्यांची सवय काही सुटली नाही. उपासनेला कोण कितव्या गायनाला उगवतं, लांबलेल्या प्रार्थनेत कोणाची मान आधी कलते, सगळं माझ्याकडं जमा. वहीत नाही, डोक्यात. या सवयीचा मला अभिमान होता. केशरमावशींच्या बाबतीत तिनं काय करून ठेवलं, ते सांगतो.

केशरबाई बहात्तर वर्षांच्या. चर्चच्या मागच्या गल्लीत एकट्या राहतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडं प्रभुभोजन असतं: भाकरीचा एक तुकडा आणि काचेच्या एवढ्याशा पेल्यातून द्राक्षाचा रस. दारू आमच्यात वर्ज्य, आणि सेलूत बारा महिने ताजी द्राक्षं कुठून येणार? म्हणून काळे मनुके भिजवायचे, उकळायचे, कुस्करायचे आणि मलमलच्या फडक्यातून गाळायचे. हे काम सव्वीस वर्षं मावशींकडं. शनिवारी सकाळी त्या मनुके निवडायला बसल्या, की कोणाशी बोलत नाहीत. दूधवाला आला तरी बोटांनीच सांगतात, अर्धा का एक. मंडळीत त्यांना पद नाही, कमिटीत खुर्ची नाही. रस तेवढा त्यांचा होता आणि तो त्यांना पुरत होता.

सहलीची कल्पना पाळक आबासाहेबांची. ऐतिहासिक गावं आणि द्राक्षांचा मुलूख, तीन दिवस, सोबत गाईड. शुक्रवारी चारठाणा आणि दौलताबाद, शनिवारी नाशकाकडचे मळे, रविवारी सकाळी नाशकातल्या एका जुन्या मिशनच्या चर्चमध्ये उपासना आणि मग घर. तो रविवार नेमका फेब्रुवारीचा पहिला. म्हणजे प्रभुभोजन तिथंच, तिथल्या मंडळीसोबत.

यादीत नाव घालायला मावशी माझ्याकडं आल्या. "रस कोणाचा?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"तिथले लोक करतील की, मावशी."

"आपण पाव्हणे जायचं अन् टेबलबी त्यांनीच मांडायचं? मी घेऊन येते." मग म्हणाल्या, "सव्वीस वर्षं मनुके उकळायले, पण द्राक्षाचा वेल काही बघितला न्हाई मी. तेबी बघून घेते."

शुक्रवारी पहाटे चौतीस माणसं आणि बहुधा साठ पिशव्या गाडीत चढल्या. गाईड हरिओम, ताडकळसचा, तिशी उलटलेला, माइक तोंडाला लावल्याशिवाय शेजारच्याकडं पाणीही न मागणारा. ड्रायव्हर परमेश्वर, गळ्यात तुळशीची माळ. "साहेब, गाडीत हरिओमबी हाय अन् परमेश्वरबी. आता तुमाला काय काम उरलं?" असं आमच्या महिला मंडळाच्या सुकेशनीबाई पाळकसाहेबांना म्हणाल्या, आणि गाडी हसतच सेलूबाहेर पडली.

मावशींच्या मांडीवर एक कापडी पिशवी. आत सरबताच्या दोन बाटल्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या.

चारठाण्याला हरिओमनं उंच दगडी खांबापुढं उभं करून सांगितलं, की हा कित्येक शतकं असाच उभा आहे, जागचा हललेला नाही.

"मिस्त्रीचं नाव विचारून ठेवा," सुकेशनीबाई म्हणाल्या. "आमच्या गच्चीवरली टाकी तीन वर्षांत गळायलीय."

दौलताबादला पाळकसाहेबांनी अंधाऱ्या भुयारात गाणं सुरू केलं, म्हणजे कोणी घाबरू नये. घाबरलेले तेच होते. पहिल्या ओळीला त्यांचा आवाज दोन पट्ट्या वर गेला होता. मावशी वर चढल्या नाहीत. खाली फाटकाजवळ झाडाच्या सावलीत पिशवी घेऊन बसल्या. मी म्हणालो, "पिशवी गाडीत ठेवा अन् जरा मोकळ्या फिरा."

"गाडी तापती, बाबा," त्या म्हणाल्या. "रस गार राह्यला तर टिकतो."

हे मी ऐकलं होतं. ऐकलेलं मी विसरत नाही, असं मी लोकांना सांगत असतो.

शनिवारी सकाळी मावशींचे पाय सुजले. परमेश्वरनं त्यांना पुढची, त्याच्या शेजारची सीट दिली. पाय लांब करता यावेत म्हणून मीच त्यांच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि इंजिनाच्या पेटीवर ठेवली. वर कोणाची तरी शाल टाकली, पिशवी घसरू नये म्हणून. मावशींचा डोळा लागला होता, तो नाशकातच उघडला. नाशिक येईपर्यंत पाच तास ती पिशवी तिथंच होती; मग टेबलाचं सामान म्हणून मी ती माझ्याकडंच ठेवली.

मळा मोठा होता आणि त्याला लागूनच वाइनचा कारखाना. मावशी गाडीतून उतरल्या त्या थेट वेलापाशी गेल्या. तारांवर ओळीनं चढवलेले वेल, बुंध्याजवळ लोंबणारे लहान काळे घोस. त्यांनी एका घोसाखाली ओंजळ धरली, तोडला नाही.

"एवढीशी द्राक्षं?"

"ही खायची न्हाईत मावशी, वाइनची हायती," हरिओमनं माइकवरून सांगितलं. त्या दोघांत हातभर अंतर होतं.

"बिया हायत," मावशी बोटांनी एक मणी दाबून बघत म्हणाल्या. "सालबी जाड हाय. गाळायला तरास होत असंल."

कारखान्यात आत गेलो तर स्टीलच्या टाक्या, एकेक आमच्या चर्चएवढी उंच. तिथं काम करणारा एक मध्यमवयीन माणूस सगळं समजावून देत होता. गोड रस उबेत दोन-तीन दिवस राहिला, की आपोआप फसफसतो आणि त्याची दारू व्हायला लागते, कोणी काही मिसळावं लागत नाही, असं तो म्हणाला. मावशी त्याच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, तुमी गाळता कशानं. त्यानं सांगितलं. मग त्यानं विचारलं, तुम्ही घरी करता का काही? मावशी सांगायला लागल्या: मनुके किती घ्यायचे, किती तास भिजवायचे, फडकं दोनदाच पिळायचं, तिसऱ्यांदा पिळलं तर तुरट उतरतं. तो माणूस मान हलवत ऐकत होता. तोंडदेखलं नव्हे. "बरोबर आहे तुमचं, तिसऱ्यांदा दाबलं की आमचाही माल उतरतो," तो म्हणाला. आमच्या मंडळीत सव्वीस वर्षांत मावशींना कोणी हे विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. पदर कमरेला खोचून त्या त्याच्याशी बरोबरीनं बोलत होत्या.

आणि मी, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मावशींना इथंच ठेवून जाऊ का? मागं मे महिन्यात यांच्या रसानं आमची जीभ चुरचुरली होती. तयार कारागीर मिळेल तुमाला."

सगळे हसले. ते खरंच एकदा घडलं होतं, दोन-तीन वर्षांपूर्वी, चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात. सुकेशनीबाई तर टाकीला हात लावून हसल्या. "मंजी आमी इतके दिवस तर्र होऊन घरी जात होतो म्हणा."

मावशीही हसल्या. मग त्यांनी खोचलेला पदर सोडला, डोक्यावरून घेतला आणि बायकांच्या घोळक्यात मागं येऊन उभ्या राहिल्या. त्या माणसानं आणखी काही विचारलं, तर "काय न्हाई, आमचं आपलं घरगुती," एवढंच म्हणाल्या.

माझा विनोद चांगला पडला होता. मला बरं वाटलं. तेव्हा बरंच वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

चव घ्यायच्या काउंटरवर पाळकसाहेब दोन्ही हात मागं बांधून पहाऱ्याला उभे राहिले. प्यायलं कोणीच नाही. अकरा जणांनी नुसता वास घेतला, त्यातल्या चौघांनी दोनदा. शेजारच्या दुकानात बिनदारूचा द्राक्षरस सीलबंद बाटल्यांत होता. पाहुणे म्हणून जायचं तर हात हलवत कसं जायचं, म्हणून साहेबांनी यजमान मंडळीसाठी चार बाटल्या घेतल्या.

रविवारी टेबल मांडायचं काम माझं. उपासना आठला, मी साडेसातलाच चर्चच्या मागच्या खोलीत गेलो. ट्रेमधे पेले मांडले, मावशींची पहिली बाटली हातात घेतली. बूच मी पुरतं फिरवलंही नव्हतं, तर ते उडालं. रस फेसाळून माझ्या मनगटावर आला. वास घेतला, घ्यायची गरज नव्हती. दुसरी बाटली तशीच.

कशानं झालं हे त्या क्षणी मला कळलं. शाल, इंजिनाची पेटी, पाच तास.

बाहेर मावशी पुढच्या बाकावर बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून. त्यांना आत बोलावून दाखवायला दोन मिनिटं लागली असती. पण बोलावलं तर पिशवीचं सांगावं लागणार. आणि न सांगता तसाच रस वाटला तर आपले चौतीस आणि तिथले साठ, एवढ्यांसमोर कालचा विनोद खरा होणार. मी मनाशी म्हणालो, मावशींची अब्रू वाचवतोय. दोन्ही बाटल्या बेसिनमधे ओतल्या, खळखळून धुतल्या. साहेबांनी आणलेल्या चारांतल्या दोन फोडल्या आणि पेले भरले; यजमानांना उरलेल्या दोनच गेल्या, साहेबांनी मोजल्या नाहीत. रंग जरा उजळ होता. चर्चमधली टेबलाजवळची खिडकी अर्धी लोटून घेतली, म्हणजे कळू नये.

ट्रे फिरला. मावशींनी पेला ओठाला लावला. त्या थांबल्या. मग उरलेला प्यायल्या आणि पेला खाली ठेवताना माझ्याकडं बघितलं. मी पुढच्या माणसाकडं वळलो.

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण उपासनेनंतर पायऱ्यांवर सुकेशनीबाईंनी मावशींचे दोन्ही हात धरले. "मावशी, आज मातर रस लय भारी झाला. असा कधीच झाला न्हवता."

"द्राक्षाच्या गावची हवा लागली हाताला," कोणीतरी म्हणालं.

यजमानांकडच्या एका बाई खास येऊन म्हणाल्या, की आम्हालाही कृती द्या. पाळकसाहेब म्हणाले, "सव्वीस वर्षांची सेवा आहे त्यांची." चहू बाजूंनी कौतुक, मधे मावशी. मला वाटलं, आता त्या बोलतील. त्या म्हणाल्या, "हं." आणि गाडीकडं चालायला लागल्या.

परतीच्या वाटेवर त्यांनी पुढची सीट नाकारली. रिकाम्या बाटल्यांची पिशवी मांडीवर घेऊन मागं बसल्या. सेलू येईपर्यंत सात तासांत त्या कोणाशी बोलल्या नाहीत. लोकांना वाटलं, थकल्या असतील.

फेब्रुवारी संपता संपता त्या माझ्या दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"चंद्रभान, हितून पुढं बाटलीचाच रस आणा. लोकांना त्योच आवडला."

"काय बोलता मावशी? कोणता बाटलीचा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, कापसात पाणी मारून आणणाऱ्याकडं मी बघायचो तसं. "पाय दुखतेत आता. उभं राहवत न्हाई चुलीपाशी," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

कमिटीत मी विषय मांडला. मावशींनी प्रकृतीमुळं काम सोडलं, असं सांगितलं. आभाराचा ठराव झाला, तो मीच सुंदर अक्षरात लिहिला.

मार्चच्या पहिल्या रविवारी मावशी नेहमीच्या पुढच्या बाकावर नव्हत्या, शेवटच्या बाकावर होत्या. भाकरीचा तुकडा त्यांनी घेतला. पेल्यांचा ट्रे समोर धरला तर तो त्यांनी बोटानं अलगद पुढं ढकलला. आमच्यात पेला सोडणं ही साधी गोष्ट नाही. ज्याच्या मनात कोणाबद्दल अढी आहे, त्यानं आधी ती मिटवावी आणि मग पेला घ्यावा, असा रिवाज आहे. कोणी पेला सोडला, की आठवडाभर घराघरांतून चर्चा, कोणाशी वाजलं असंल. मावशींचं कोणाशी वाजलं, यावर सुकेशनीबाईंनी चार नावं काढली. माझं त्यांत नव्हतं.

एप्रिलातही मावशींनी ट्रे पुढं ढकलला. मी तो पुढं नेला.

मे महिन्यात एका दुपारी मी त्यांच्याकडं गेलो. त्या दारात पोतं अंथरून चिंचा फोडत बसल्या होत्या. समोर बसलो. दोन-चार चिंचोके मीही काढले. मग म्हणालो, "मावशी, नाशकाला तुमचा रस मी ओतून दिला."

"ठाऊक हाय."

"चवीवरून?"

"चवीवरून तर कळलंच. पण घरी येऊन बाटल्या बघितल्या, तर घासून धुतलेल्या. सव्वीस वर्षांत रिकामी बाटली कोणी धुऊन दिली न्हाई मला." त्यांनी एक चिंच फोडली. "कुठं ओतलास?"

"बेसिनमधे."

"झाडाला तरी घालायचास."

मी आणखी एक चिंचोका काढून बाजूला ठेवला.

"मला हाक मारली असतीस तर मीच ओतला असता," त्या म्हणाल्या. "इटलेला रस देवाच्या टेबलावर ठेवीन का मी? पण तू मला इच्यारलंच न्हाई. अन् लोक चांगलं म्हणायलेत, मी मुक्यासारखी उभी." मग हळू आवाजात, "त्याचंबी काही न्हाई. माझा हातच गेला, चंद्रभान. उकळून, गाळून, ओल्या फडक्यात ठेवलेला. थंडीचे दिस. दोन दिसांत इटायला नको व्हता. म्हातारपण हाताला आलं, दुसरं काय. म्हणून सोडलं."

त्या तीन महिने हे घेऊन बसल्या होत्या. पायांचं दुखणं नव्हतंच.

मी सांगितलं. पिशवी मीच उचलली होती, इंजिनाच्या पेटीवर मीच ठेवली होती, वरून शाल टाकली होती. बाटली हातात घेतल्याबरोबर मला कळलं होतं.

त्यांचा हात थांबला. "मंजी माझं काही चुकलं न्हवतं?"

"नाही."

"काहीच?"

"काहीच नाही, मावशी."

त्यांनी हात पोत्याला पुसले, उगाचच उलटसुलट करून बघितले. रागावतील असं वाटलं होतं, रागावल्या नाहीत. "हे तू त्या दिवशी गाडीत सांगितलं असतंस ना," त्या म्हणाल्या, "तर मी हसले असते रे."

"पुढच्या महिन्यापासून परत करा. मी कमिटीत सांगतो."

"करीन की. मनुके काय, आजबी भिजवीन." त्या माझ्याकडं सरळ बघत होत्या. "पण टेबलावर मांडायच्या आधी तू वास घेशील. घेशील का न्हाई? खरं सांग."

एकतीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाला त्यांनी हे विचारलं. वास घेणार नाही, असं मला म्हणता आलं नाही.

"मग कसं करू मी?" त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. चिंचा पुन्हा पुढं ओढल्या. "अन् मंडळीत काही बोलू नको. सुकेशनीनं सव्वीस वर्षांत एकदा चांगलं म्हटलंय मला. ऱ्हाऊ दे तेवढं."

घरी येताना मला हायसं वाटलं, चारचौघांत सांगावं लागणार नाही म्हणून. त्या हायसं वाटण्याची आजही लाज वाटते.

जूनच्या पहिल्या रविवारी मी ट्रे घेऊन शेवटच्या बाकापाशी गेलो. मावशींनी पेला उचलला, प्यायल्या, ट्रेमधे परत ठेवला आणि मान हलवली. मला माफी मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या बाकावर त्या परत आल्या नाहीत.

त्याच आठवड्यात कमिटी बसली. बाटल्यांची पुढची खेप मागवायची होती. "केशरमावशींना एकदा विचारून बघायचं का?" पाळकसाहेब म्हणाले. "बऱ्या दिसतात आता."

"कशाला म्हातारीला तरास?" सुकेशनीबाई म्हणाल्या. "नाशकाला केला तसला आता होणार हाय का?"

साहेबांनी सगळ्यांकडं बघितलं. "कोणाची हरकत?"

वही माझ्यापुढं उघडी होती, पेन हातात. कोणाचाच हात वर आला नाही, माझाही नाही. मग मी लिहिलं: एकमतानं मंजूर.